सात ठिपक्यांचा बिबट्या

माणसं नीट बघायचं असलं की चष्मा लावतात. निशाणमास्तर काढायचे. चष्मा शर्टाच्या खिशात घालायचे, दुकानाची पायरी उतरायचे, रस्ता ओलांडायचे आणि मोजून चाळीस पावलं चालून मागे वळायचे. मग डोळे बारीक करून जे दिसेल ते खरं. दोऱ्याने भरून झालेलं निशाण ते असं बघतच, पण दुकानाची नवी पाटी, काकूंनी दिवाळीला घेतलेली साडी, झालंच तर लेकीला सांगून आलेला मुलगा, हे सगळं त्यांनी चाळीस पावलांवरूनच पसंत केलं. जावयाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "लांबून बरा दिसतो. जवळून बघायचं काम तिचं."

कॅम्पातल्या एका बोळात त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. फौजेतल्या मोठ्या साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर जे छोटं निशाण फडफडतं, त्यांच्या कचेरीवर जे मोठं लागतं, ती निशाणं मास्तर शिवायचे. खडकवासल्याच्या शिकाऊ पोरांची तिकोनी निशाणंही त्यांच्याकडूनच जायची. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर होतं. फौजेत जायची त्यांना फार हौस. तीनदा भरतीला गेले आणि तिन्ही वेळा छाती दोन बोटं कमी भरली. तिसऱ्या वेळी फुगवता फुगवता चक्कर येऊन पडले, तेव्हा मोजणाऱ्यानेच त्यांना पाणी पाजून घरी पाठवलं. "फौजेला माझी छाती नको होती," ते सांगायचे, "हात चालले." हे ते हसत सांगत, पण दुकानाला कधी दुकान म्हणत नसत. "मी ड्यूटीवर आहे," म्हणत. कुणी धंदा कसा चाललाय विचारलं तर त्यांना राग यायचा.

आता माझी ओळख करून देते, कारण या गोष्टीत एक मूर्ख लागतो आणि ते काम माझ्याकडे आहे. मी बावीस वर्षांची, चित्रकलेची पदविका नुकतीच हातात पडलेली, दोन वेण्या, खांद्याला शबनम आणि जगात सौंदर्यदृष्टी असलेली मी एकटीच, अशी माझी खात्री. वडील खडकीच्या कारखान्यात होते आणि आम्ही विश्रांतवाडीला राहायचो. आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये चढायचा तो निळा झेंडा मास्तर शिवायचे. चक्राचे चोवीस आरे ते मोजून भरत आणि बाबा दुकानात उभे राहून पुन्हा मोजून घेत. असं सात-आठ वर्षं चाललं. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता म्हणून दोघांची चांगली मैत्री होती. बाबांनीच मला एक दिवस त्यांच्यापुढे उभं केलं, म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे.

मास्तरांनी विचारलं, निशाण म्हणजे काय. झालं. मी रंगांचं मानसशास्त्र, रेषेची लय, प्रतीकांचा इतिहास असं सगळं बाहेर काढलं. बाबा अभिमानाने ऐकत होते. मास्तर मशीनच्या चाकाला तेल घालत होते.

"लाल रंग कशासाठी?" त्यांनी मध्येच विचारलं.

"शौर्यासाठी. रक्त, त्याग, आणि..."

"धुळीत दिसतो म्हणून," मास्तर म्हणाले. "उद्यापासून या, आर्टिस्टबाई."

हे नाव मला जन्मभर चिकटलं. त्यात 'बाई' आदराने होतं. 'आर्टिस्ट' मात्र मुळीच नव्हतं.

त्यांच्या मते निशाण हे शोभेसाठी नव्हतंच मुळी. लाल-काळं-लाल पट्टे आले तर सगळ्यात मोठे साहेब, मधला पट्टा पांढरा असेल तर त्यांच्याहून एक पायरी खालचे, नुसतं लाल असेल तर डिव्हिजनचे. पट्ट्यांवर मग त्या त्या फौजेची खूण, कुणाचा हत्ती, कुणाची तलवार. "पण हत्ती नंतर," मास्तर बजावायचे. "आधी रंग. फाटकावरच्या पहारेकऱ्याला गाडी वळणावर दिसली की तेवढ्यात कळलं पाहिजे, ताठ उभं राहायचं, की बिडी विझवून ताठ उभं राहायचं." मी वहीत 'रंगसंगतीचे सामाजिक संदर्भ' असं लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. नातवंडं कंटाळली की मी त्यातलं वाचून दाखवते.

माझी पहिली कामगिरी म्हणजे एक बिबट्या. कुठल्याशा डिव्हिजनची खूण होती. लाल कापडावर पिवळा बिबट्या, झेपेच्या पवित्र्यात. मी प्राणिसंग्रहालयात जाऊन दोन दिवस बसले. त्याच्या अंगावर एकशे बारा ठिपके काढले, प्रत्येकाला आत फिकट छटा, मिशांना रेशमी धागा. मास्तरांनी कागद घेतला, बोळापलीकडच्या भिंतीला टाचणीने लावला आणि मला चाळीस पावलांवर नेलं.

"चष्मा काढा."

मला चष्मा नव्हता. "मग डोळे बारीक करा. काय दिसतं?"

मी खोटं बोलणार होते, पण समोरून जाणाऱ्या पाववाल्याने सायकल थांबवून कागदाकडे पाहिलं आणि आपणहून सांगितलं, मांजर आहे.

"चष्मा काढून जे दिसतं ते निशाण," मास्तर म्हणाले. "चष्मा लावून जे दिसतं ती रांगोळी." आणि त्यांनी माझ्या एकशे बारा ठिपक्यांतले एकशे पाच पेन्सिलीने खोडले. उरलेले सात अंगठ्याएवढे मोठे केले. मिशा काढून टाकल्या, शेपटी मनगटासारखी जाड केली. पुन्हा चाळीस पावलं. भिंतीवर बिबट्या होता. माझ्या दोन दिवसांच्या अभ्यासाचा त्यात काहीही अंश नव्हता आणि तो जिवंत होता. मी आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आणखी दोन गोष्टी त्यांनी मला शिकवल्या, त्या आता सांगून ठेवते, पुढे लागतील. पहिली, जनावराचं तोंड नेहमी काठीकडे. काठी ज्या शिवणीत जाते तो नेफा, आणि नेफा गाडीच्या पुढच्या अंगाला असतो. वाऱ्याने कापड मागे उडतं. तेव्हा तोंड नेफ्याकडे असलं तर जनावर गाडीबरोबर पुढे झेपावतं. निशाण दोन्ही बाजूंनी दिसतं, म्हणून दोन जनावरं पाठीला पाठ लावून भरायची, आणि दोघांचंही तोंड नेफ्याकडेच. दुसरी गोष्ट गवसणीची. साहेब गाडीत नसतील तेव्हा निशाणावर गवसणी चढवायची. साहेब बसले की ड्रायव्हरने ती काढायची, उतरले की घालायची. निशाणाइतकीच मास्तर गवसणीही मन लावून शिवत आणि न्यायला येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ करून घेतल्यासारखं सांगत, "साहेब आत बसल्याशिवाय ही निघता कामा नये. निशाण म्हणजे माणूस इथे आहे, एवढंच. माणूस नसताना उघडं निशाण म्हणजे थाप."

आणि मग ती डिव्हिजनच्या साहेबांची ऑर्डर आली. तोच आमचा सात ठिपक्यांचा बिबट्या. नवे साहेब सोमवारी सकाळी सूत्रं हाती घेणार होते. स्टोअरचे सुभेदार मास्तरांना मानणारे. ते येऊन स्पष्ट सांगून गेले. वर असं घाटत होतं की ही सगळी निशाणं परगावच्या एका कारखान्यातून, यंत्रावर भरलेली, एकगठ्ठा घ्यायची. या साहेबांच्या गाडीचं निशाण तेवढं मास्तरांकडून घेतलं होतं. ते पसंत पडलं तर काम इथेच राहील, नाहीतर सुभेदारांच्या हातात काही नव्हतं. मास्तर नुसतं बरं म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी मशीनला तीनदा तेल घातलं.

नेमकं त्याच आठवड्यात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मास्तर दोन दिवस इस्पितळात. फर्मा, म्हणजे बिबट्याचा कागदी कापीव नमुना, त्यांनी स्वतः कापून मला दिला आणि निघताना म्हणाले की शंका आली तर काम थांबवा, मी येतो.

मला शंका आली नाही. तीच तर माझी अडचण होती. मला खात्री आली. फर्मा टेबलावर ठेवला तर बिबट्या डावीकडे बघत होता. आमच्या कलाशाळेत शिकवलं होतं की डोळा डावीकडून उजवीकडे जातो. डावीकडे म्हणजे भूतकाळ, उजवीकडे म्हणजे प्रगती. आपण वाचतोही तसंच. डिव्हिजनचा बिबट्या आणि भूतकाळाकडे बघतो? काठीकडे तोंड हे मला म्हाताऱ्याचं एक खूळ वाटलं. मास्तर तेव्हा अडतीस वर्षांचे होते. मी फर्मा उलटा केला आणि प्रगतीच्या दिशेने बिबट्या भरला. दुसऱ्या अंगालाही, पाठीला पाठ जुळावी म्हणून, नेफ्याकडे शेपूट करूनच. चूक मी दोन्ही बाजूंनी सारखी केली, त्यात हयगय नव्हती. टाके इतके सुंदर आले होते की मी स्वतःच त्यांच्यावरून हात फिरवत बसले. शनिवारी साहेबांचे ड्रायव्हर, एक हवालदार, सामान न्यायला आले. गवसणीबद्दलचं भाषण मी मास्तरांच्या आवाजात त्यांना ऐकवलं. तेही ऐकून गेले.

रविवारी संध्याकाळी मास्तर काकूंना घेऊन रिक्षाने आले. काकूंच्या एका डोळ्याला पट्टी. मी त्याच मापाचा एक कच्चा नमुना कौतुकाने काठीला लावून भिंतीवर ठेवला होता. मास्तर रिक्षावाल्याशी बोलत होते, तोवर काकू पायरीवर टेकल्या आणि उरलेल्या डोळ्याने भिंतीकडे बघत म्हणाल्या, "अगं, हा असा मागे वळून का बघतोय? घरी काही विसरलाय का?"

मास्तरांनी वळून पाहिलं. चाळीस पावलं चालायची गरज पडली नाही. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही.

"खरं निशाण असंच झालंय?"

"हो."

"गाडी कुठे चालली आहे, आर्टिस्टबाई?"

मी हाताने दाखवलं. मग बिबट्या कुठे बघतोय तेही, न विचारता, दाखवलं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा ते दिसलं. डिव्हिजनचे साहेब सगळ्या फौजेसमोर येणार आणि त्यांच्या गाडीवरचा बिबट्या शेपूट पुढे करून, मागच्या मागे सटकायची वाट शोधत असल्यासारखा दिसणार.  मास्तरांनी भिंतीवरचा नमुना काढला, घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवला. मी म्हटलं, नवं भरू. ते म्हणाले, एक बिबट्या दोन दिवस खातो. सकाळी साहेब बंगल्यातून निघायच्या आत तिथे जाऊन सांगावं लागेल. मी विचारलं, सांगून काय होणार? काम तर जाणारच. ते म्हणाले, काम जाईल. निशाण तरी खोटं फडकणार नाही.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं साहेबांच्या बंगल्याबाहेर. मास्तर इस्त्रीच्या कपड्यांत, भरतीला निघाल्यासारखे. मी त्यांच्या मागे चार पावलांवर. पोर्चमध्ये काळी गाडी पुसून उभी होती आणि बॉनेटवर गवसणीत गुंडाळलेलं आमचं पाप. मास्तरांनी ड्रायव्हरना सगळं सांगितलं आणि विनंती केली की काढून द्या, काठी मोकळी जाऊ दे.

हवालदार साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "मास्तर, गवसणी साहेब बसल्याबिगर निघत न्हाई. तुमीच शिकवलंय. परवा बाईंनी पुन्यांदा सांगितलं."

"अहो, पण मीच सांगतोय."

"तुमी साहेब न्हाई."

एवढंच बोलले बिचारे, आणि वाईट बोलले असंही नाही. पण मी मास्तरांचा चेहरा पाहिला. तीन भरत्यांत जे त्यांना कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, ते त्यांच्याच शिकवणीने त्यांना त्या पोर्चमध्ये ऐकावं लागलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आणि बाजूला, ताठ उभे राहिले.

साहेब बाहेर आले. उंच, मिशाळ, आणि बायकोने घाईत दिलेला रुमाल अजून हातातच. मास्तर पुढे झाले. हिंदीची वाट लावत पण न अडखळता त्यांनी सांगितलं की निशाणावरचा बिबट्या उलटा आहे, गाडी निघाली की तो पळाल्यासारखा दिसेल, आणि चूक दुकानाची आहे. साहेबांनी विचारलं, चूक कुणाच्या हातून झाली? मास्तर म्हणाले, "दुकानाची म्हणजे माझी."

वाचकांना वाटेल की या क्षणी मी पुढे झाले आणि चूक माझी म्हणून सांगितलं. मीही बरीच वर्षं लोकांना तसंच सांगत आले. खरं असं की मी बोगनवेलीच्या मागे होते. प्रगतीच्या दिशेने तोंड करून, फाटकाच्या जवळ. पन्नास वर्षांनी सांगते, चूक माझी होती. ज्यांना सांगायला हवं होतं ते साहेब आता नाहीत, त्यामुळे मला फारसा धोका नाही.

साहेबांनी गवसणी काढायला सांगितलं. हवालदार जागचे हलले नाहीत. साहेबांच्या लक्षात आलं, ते गुपचूप गाडीत जाऊन बसले, तेव्हाच हवालदारांनी गवसणी काढली. सकाळचा गार वारा होता. निशाण उलगडलं. साहेब काचेतून बघतच राहिले. काठीपासून मागे तोंड केलेला बिबट्या अगदी सरळ त्यांच्याकडे बघत होता.

"हा माझ्यावर नजर ठेवणार की काय?" त्यांनी विचारलं.

 साहेबांनी जरा वेळ मिशीवरून बोट फिरवलं, मग म्हणाले, घाला ती गवसणी परत. हवालदारांनी मान खाली घालून अडचण सांगितली, साहेब तर आत बसलेत.

"आज मी गाडीत नाही," साहेब म्हणाले. "चला."

पुढचं आम्हाला संध्याकाळी हवालदारांनीच दुकानात येऊन सांगितलं. झाकलेल्या निशाणाची गाडी डिव्हिजनच्या कचेरीच्या फाटकाशी आली. पहारेकऱ्याला वाटलं, रिकामी आहे, साहेब अजून यायचेत. त्याने हातानेच जा म्हणून खूण केली. आत स्वागताची तयारी चालू होती, म्हणजे अजून सुरू व्हायची होती. बँडचा ढोलवाला ढोलावर बसून पेरू खात होता. एक मेजर अर्ध्या दाढीने आरशापुढे होते. ज्यांनी साहेबांचं स्वागत करायचं ते दुसऱ्याच रस्त्याकडे तोंड करून घड्याळ बघत होते. साहेब उतरले, ढोलवाल्यापुढे थांबले आणि पेरू गोड आहे का विचारलं. पुढचे दोन तास त्या आवारात काय झालं ते हवालदार इतक्या आनंदाने सांगत होते की त्यांना तीन कप चहा लागला. निघताना त्यांनी खिशातून ते निशाण काढून मास्तरांपुढे ठेवलं. साहेबांचा निरोप होता, नवीन करून द्या, तोंड बरोबर ठेवा, आणि बाकीची सगळी निशाणंही यांच्याकडूनच घ्या असं स्टोअरला कळवलंय. जो स्वतः येऊन आपली चूक सांगतो, त्याचं निशाण गाडीवर असावं.

मला वाटलं, मास्तर खूश होतील. ते म्हणाले, "अवघड झालं. आता मला दर वेळी बरोबर करावं लागणार."

मी ते उलटं निशाण उसवायला घेतलं. त्यांनी काढून घेतलं. दुकानाच्या दर्शनी बाजूला एक काठी ठोकली आणि त्यावर ते लावलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हा बिबट्या उलटा कसा, आणि मास्तर न चुकता म्हणायचे, "आमच्या आर्टिस्टबाईंनी केलाय. प्रगती करतोय." मी तिथे अकरा वर्षं होते. अकरा वर्षं हे वाक्य ऐकलं. त्यातच लग्न झालं, मुलं झाली, आणि मग मी शाळेत चित्रकला शिकवायला गेले. तरी दुकानावरून जाताना एखादा फौजी मला बघून विचारायचा, प्रगतीवाल्या बाई त्या तुम्हीच का?

हळूहळू त्या निशाणालाही रीत लागली. मास्तर जेवायला घरी गेले की त्यावर गवसणी चढायची. परत आले की उतरायची. दुपारी लोक लांबूनच बघून मागे फिरायचे. दाराला कुलूप असतानाही ज्या गावात लोक कडी वाजवून बघतात, तिथे हे निशाण बिनबोभाट चाललं. काकू म्हणायच्या, ते दुकानाचे साहेब असतील, घरचं निशाण वेगळं आहे. ते म्हणजे काकूच, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यावर गवसणी कधीच नव्हती.

पुढे यंत्रं आलीच. कारखान्यात एका दिवसात शंभर बिबटे निघायला लागले, सगळ्यांची तोंडं बिनचूक. मास्तरांनी एक नमुना चाळीस पावलांवरून बघितला आणि मान्य केलं, चांगला आहे. मग म्हणाले की याला कुणी स्वतःच्या हाताने कधी पाठीला पाठ लावून बसवलं नसावं. त्यांच्या दुकानाच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एका परीने गवसण्यांचाच धंदा म्हणायचा.

काकू गेल्यावर मास्तरांना लेकीने विश्रांतवाडीला आणलं. आमच्या सोसायटीसमोरच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गॅलरी दिसायची आणि गॅलरीच्या कठड्याला ती काठी, तो बिबट्या. रंग उडून लालाचा विटकरी झाला होता, पण सात ठिपके सात होते. सकाळी उठून मी गॅसवर चहा ठेवायचे आणि बघायचे. उघडं असलं की मास्तर घरी आहेत. झाकलेलं असलं की दवाखाना नाहीतर पेन्शनवाल्या मित्रांचा कट्टा. त्यांना स्वतःला पेन्शन नव्हतं, पण कट्ट्यावर सगळे त्यांना फौजीच समजायचे. ते कुणाचा गैरसमज दूर करायला गेले नाहीत. माणसाने किती वेळा खरं बोलावं, असं त्यांचं मत असावं.

माझी नात कंपन्यांची बोधचिन्हं बनवते. एकदा ती लॅपटॉप घेऊन आली, आजी, बघ ना कसं वाटतं. मी तिला तो गॅलरीत ठेवायला लावला आणि दोघी खाली फाटकापर्यंत चालत गेलो. समोरून मास्तरही आपल्या कठड्याला टेकून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि वरूनच विचारलं, "मांजर आहे का?" ती कुठल्याशा बँकेची खूण होती. नात रडकुंडीला आली. मी तिला पेन्सिल दिली.

गेल्या वर्षी एका सकाळी चहा ठेवला आणि बघितलं तर गवसणी. कट्ट्याची वेळ नव्हती. लेकीला फोन केला. ती म्हणाली, इस्पितळात आणलंय, निघताना स्ट्रेचर थांबवून आधी गवसणी घालायला लावली. तिसऱ्या दिवशी मास्तर परत आले, पण गवसणी काढायला कुणी गॅलरीत गेलं नाही. मी गेले.

खाली गाडी आली होती. पांढरी, पुढे हार लावलेली. सोसायटीतली माणसं, कट्ट्यावरचे खरे फौजी, सगळे जमले होते. मी काठीसकट, गवसणीसकट निशाण घेऊन खाली उतरले आणि ड्रायव्हरला म्हटलं की हे पुढे बांधायचं आहे. तरुण माणूस होता, त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुकाट्याने दोरी काढून दिली. बांधून झाल्यावर त्याने विचारलं, "आजी, हे कव्हर राहू द्यायचं का?"

"काढ," मी म्हटलं. "साहेब आत आहेत."

कट्ट्यावरच्या एकाने पाय जुळवले. त्याचं बघून दुसऱ्याने. गाडी निघाली, वारा लागला आणि बिबट्या उलगडला. गाडी पुढे चालली होती आणि तो, माझ्या त्या बावीस वर्षांच्या शहाणपणामुळे, मागे वळून आमच्याकडे बघत होता. घरी काही विसरल्यासारखा. पन्नास वर्षं जी चूक मी ऐकून घेतली, ती त्या एका रस्त्यापुरती बरोबर झाली होती. हे मास्तरांना सांगता आलं असतं तर ते म्हणाले असते, योगायोग आहे, आर्टिस्टबाई, प्रगती म्हणू नका.

गाडी वळणाशी पोचली तेव्हा मधे चाळीस पावलं नक्कीच होती. मी चष्मा काढला होता. तो काढावाच लागला होता. तरी बिबट्या स्पष्ट दिसत होता.